सोलापुरात नव्यानं राहायला आलात? चार लोकांत ओळख करून देण्याची रीत

बदली होऊन, लग्न होऊन, शिकायला किंवा धंद्याच्या निमित्तानं सोलापुरात येणाऱ्यांची एक तक्रार माझ्या कानावर सारखी येते. "माणसं चांगली आहेत हो, पण आमची इथं कुणाशी ओळखच होत नाही." सहा-सहा महिने एकाच जिन्यावरून जाऊन-येऊन समोरच्या दारावरच्या पाटीपलीकडे काही माहीत नसतं. तिकडे समोरच्या घरात म्हणत असतात, "नवीन आलेत, पण बोलत नाहीत."

ज्यांचं इथं लवकर जमलं आणि ज्यांचं जमलं नाही, त्यांच्यात फरक स्वभावाचा फार नसतो. लाजाळू माणसंही छान रमलेली मी पाहिली आहेत. फरक पडतो तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओळख कशी करून दिली त्यानं. बरेच जण ओळख म्हणून स्वतःची माहिती सांगतात: हुद्दा, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या. समोरचा "अरे वा" म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं, कारण त्या माहितीचं त्यानं काय करायचं हे त्याला कळत नाही. ओळखीत समोरच्याला धरायला काहीतरी मिळालं पाहिजे. एखादा प्रश्न, एखादी अडचण, एखादी आवड, ज्यावर तो दोन वाक्यं बोलू शकेल. पुढं जे सांगतो आहे त्यात हेच वेगवेगळ्या ठिकाणी कसं करायचं ते आहे.

पायरी १ : आपला पत्ता इथल्या पद्धतीनं सांगायला शिका

सोलापुरात कुणी भेटलं की नावाच्या पाठोपाठ "कुठं राहायला?" येतंच. इथं उत्तर म्हणून फ्लॅट नंबर आणि सर्व्हे नंबर कामाचा नाही. चौक सांगा, रोड सांगा, खूण सांगा. "जुळे सोलापुरात", "आसरा चौकाच्या पुढं", "होटगी रोडला", "अक्कलकोट रोडला पाण्याच्या टाकीजवळ" असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर जागा उभी राहते. लगेच तो म्हणतो, "अरे, आमची बहीण तिथंच राहते की." झाली सुरुवात.

आल्या आल्या पहिल्या रविवारी आपल्या घरापासून जवळचे दोन-तीन चौक पायी फिरून बघून घ्या. भाजी कुठं मिळते, रिक्षा कुठं थांबतात, देऊळ-मशीद-शाळा कुठली जवळ आहे, एवढं कळलं तरी पत्ता सांगता येतो. शहराची ढोबळ ठेवणही लक्षात घ्या. सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ हा मधला भाग. बाळीवेस, टिळक चौक, मधला मारुती या जुन्या पेठा. अशोक चौक, कन्ना चौकाकडचा तो पूर्व भाग, जिथं यंत्रमाग, चादरी-टॉवेलचे कारखाने आणि तेलुगूभाषक विणकर समाजाची मोठी वस्ती आहे. विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोडकडं नव्या वसाहती. एवढं डोक्यात असलं की कुणी "आम्ही पूर्व भागातले" म्हणालं तर कोरा चेहरा होत नाही.

पायरी २ : चार वाक्यं तयार ठेवा

फार पाठांतर नको, पण चार वाक्यं घरी एकदा मोठ्यानं म्हणून बघा. नाव-आडनाव. कुठून आलात आणि आता कुठं राहता. काय करता, तेही साध्या शब्दांत. आणि चौथं वाक्य प्रश्नाचं किंवा आवडीचं. हे चौथं वाक्यच लोक विसरतात आणि सगळी मेख तिथंच आहे.

उदाहरण घ्या. एकजण म्हणतो, "मी अमुक अमुक, अमरावतीहून आलोय, एका बँकेत क्षेत्रीय कार्यालयात वरिष्ठ व्यवस्थापक आहे." दुसरा म्हणतो, "मी अमुक अमुक. अमरावतीकडचा आहे, मागच्या महिन्यात सैफुलला राहायला आलो. बँकेत नोकरी करतो. मला सकाळी पोहायची सवय आहे, इथं जवळपास कुठं सोय आहे का हो?" पहिल्याला हात जोडून नमस्कार मिळतो. दुसऱ्याला तलाव कुठला, वेळ काय, पास कसा काढायचा, कुणाला भेटायचं, आणि "उद्या मी जातोच आहे, चला की बरोबर" एवढं सगळं मिळतं.

नाव सावकाश सांगा. तुमचं आडनाव विदर्भातलं किंवा कोकणातलं असेल तर इथं ते पहिल्यांदा ऐकलं जात असेल. आणि तेवढ्याच सावकाश समोरच्याचं नाव ऐका. बिराजदार, हिरेमठ, म्हेत्रे. गाजूल, चिप्पा, बोल्ली. अशी आडनावं इथं रोज भेटतील. नीट ऐकू आलं नाही तर "परत एकदा सांगता का?" असं सरळ विचारा. चुकीच्या उच्चारानं वर्षभर हाक मारत राहण्यापेक्षा ते किती तरी बरं. "अवघड आहे हो तुमचं नाव" असं मात्र म्हणू नका. त्यांना ते अवघड नाही.

पायरी ३ : सुरुवात जिन्यापासून

पहिली ओळख शेजाऱ्यांशी, आणि ती सामान लावून होण्याची वाट न बघता. आल्यावर तीन-चार दिवसांत वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी जाऊन या. उन्हाळ्यात दुपारी कुणाचंही दार वाजवू नका. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो, लोक पडदे ओढून, कूलर लावून पडलेले असतात. संध्याकाळी सहानंतर जा. आत बोलावलं तर बसा, पण पहिल्या भेटीत दहा-पंधरा मिनिटांवर रेंगाळू नका.

बोलायचं काय, हा प्रश्न पडत असेल तर सोलापुरानं त्याचं उत्तर तयार ठेवलं आहे: पाणी. इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि प्रत्येक भागाचा दिवस आणि वेळ वेगळी. "आपल्याकडं पाणी कधी येतं? मोटर कुणी लावतं? पिण्याचं किती दिवसांचं भरून ठेवायचं?" हे विचारल्यावर गप्प बसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हा प्रश्न खरोखरच्या गरजेचाही आहे. उजनीचं पाणी, टाक्या, टँकर, मागच्या उन्हाळ्यात काय झालं, सगळं कळेल.

पाण्याच्या दिवशी पहाटे नळ सुटला की जिना कसा जागा होतो ते बघा. खाली मोटरचा घरघराट, कुणी पाइप ओढत नेतंय, वरून हाक येते, "अहो, टाकी भरली का बघा की जरा!" घागरी, बादल्या, पिंप, मिळेल ते भांडं बाहेर आलेलं असतं. त्या तासाभरात दार लावून आत बसू नका. बाहेर या, वरच्या आजींची बादली उचलून द्या, टाकी भरल्यावर हाक मारायचं काम अंगावर घ्या. एरवी महिन्यात जेवढी ओळख होत नाही तेवढी त्या तासात होते. नाव विचारायचीही गरज पडत नाही, हाका मारताना सगळ्यांची नावं कळतात.

शेजारून पहिल्या आठवड्यात एखादी वाटी आलीच, तर त्यात बहुधा शेंगा चटणी असेल, नाहीतर धपाटे किंवा शेंगापोळी. भांडं रिकामं परत करू नका, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पण लगेच दुसऱ्या दिवशी भारी मिठाई भरून पाठवण्याचीही घाई नको. आपल्या गावाकडचं काहीतरी साधं द्या आणि ते कसं करतात ते सांगा. खानदेशातून आला असाल तर कळण्याची भाकरी, कोकणातून आला असाल तर घावन. पुढच्या खेपेला शेजारीण पाककृती विचारायलाच दार वाजवेल.

पायरी ४ : भाषेचं आणि हाकेचं

सोलापूर कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि तेलंगणही लांब नाही. एका बाजारात उभं राहिलात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी, चारही कानावर पडतात. बरेच लोक दोन-तीन भाषा सहज बोलतात. नव्या माणसाला सुरुवातीला वाटतं की आपण आलो म्हणून हे आपसात दुसऱ्या भाषेत बोलायला लागले. तसं नसतं. घरात, दुकानात बोलतात तेच बोलत असतात. "मला कन्नड येत नाही हो, पण कानाला गोड लागतं. 'कसे आहात' कसं म्हणायचं?" असं विचारून बघा. कन्नडमध्ये "आराम अदीरी?", तेलुगूत "बागुन्नारा?". एवढे दोन शब्द तोडकेमोडके म्हटलेत तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं.

सुरुवात मराठीतच करा. समोरच्याचं नाव मुसलमान वाटलं किंवा तेलुगू वाटलं म्हणून लगेच हिंदीवर उडी मारू नका. ही सवय शहाण्यासुरत्या माणसांत दिसते आणि ती मला खटकते. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेला, मराठी शाळेत शिकलेला माणूस तुमच्याशी मराठीत बोलायला उभा असताना त्याला हिंदीत "आप कहां से हो?" विचारणं म्हणजे तू इथला नाहीस असं सुचवणं झालं. तो स्वतः हिंदीत बोलायला लागला तर तेव्हा बघू.

इथली मराठी तुमच्या कानाला वेगळी लागेल. "काय करू लालाय?" म्हणजे काय करतोयस. "कुठं जाऊ लालाय बे?" ऐकून दचकू नका. 'बे' हे इथं दोस्तीतलं संबोधन आहे, त्यात शिवी नाही. पण तुम्ही स्वतः पहिल्या दिवसापासून 'बे' लावायला जाऊ नका, आणि इथल्या बोलीची नक्कल करून दाखवू नका. नक्कल कौतुकानं केली तरी समोरच्याला ती थट्टाच वाटते. वर्षभरात ती बोली आपोआप तोंडात बसते, तेव्हा खुशाल बोला.

हाक मारताना वयानं मोठ्या पुरुषाला काका किंवा अण्णा, बाईंना काकू, मावशी, अक्का. दुकानदार, रिक्षावाले एकमेकांना "मालक" म्हणतात आणि गिऱ्हाइकालाही म्हणतात. तुम्हीही म्हणा, गोड वाटतं. नमस्कार सगळीकडं चालतो. कुणी "शरणु शरणार्थी", "जय भीम", "जय जिनेंद्र", "सलाम अलैकुम", "रामकृष्ण हरी" असं म्हणून बोलायला सुरुवात केली, तर त्याच शब्दांत किंवा हात जोडून मनापासून उत्तर द्या. समोरच्याच्या अभिवादनाला उत्तर देताना अवघडलेला चेहरा लगेच कळतो.

पायरी ५ : "कुणापैकी?" या प्रश्नाला तयार राहा

हा प्रश्न येणार. कधी आडनाव विचारून, कधी "मूळ गाव कुठलं, पाहुणे कुठले" असा वळसा घेऊन, कधी सरळ. पुष्कळदा विचारणाऱ्याला कुठं तरी नातं किंवा ओळख लागते का एवढंच शोधायचं असतं. काही वेळा जात जाणून घ्यायची असते. दोन्हींत फरक करायला तुम्हाला लगेच जमणार नाही, म्हणून दोन्हीला चालेल असं उत्तर ठेवा: "आमचं गाव दर्यापूरजवळ. घरची थोडी शेती आहे, कपाशी असते. तुमचं गाव कुठलं?" गावाबद्दल विचारलं की निम्मे लोक स्वतःच्या गावाबद्दल बोलायला लागतात आणि ते बोलणं चांगलं असतं. मंगळवेढ्याकडचा असेल तर मालदांडी ज्वारीबद्दल सांगेल, सांगोल्याकडचा असेल तर डाळिंबाच्या बागांबद्दल, अक्कलकोटचा असेल तर स्वामींच्या मठाबद्दल.

तरीही कुणी लावून धरलं, तर सांगायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. सांगायचं नसेल तर आवाज न चढवता "ते असू द्या हो काका, आता आम्ही सोलापूरकरच," एवढं म्हणा आणि विषय बदला. आणि आपण स्वतः हा प्रश्न कुणाला विचारायचा नाही. वळसा घेऊनही नाही.

पायरी ६ : कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर

अध्यक्षांनी किंवा सेक्रेटरींनी तुम्हाला ग्रुपात घेतलं की लगेच काही लिहू नका असं मी सांगेन. एक-दोन दिवस वाचा. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, काय चालतं, काय चालत नाही, ते कळेल. पण आठवडा लोटू देऊ नका. मग उगाच "हे कोण?" अशी कुजबुज सुरू होते.

लिहिताना नाव मजकुरात लिहा. ज्यांच्याकडं तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना नुसते आकडे दिसतात, किंवा तुम्ही प्रोफाइलला ठेवलेलं नाव. तिथं फूल, देवाचं नाव किंवा मुलाचं लाडाचं नाव असेल तर कुणाला पत्ता लागणार? निदान पहिले काही महिने तिथं स्वतःचं नाव आणि ओळखू येईल असा फोटो ठेवा.

मजकूर असा असू द्या:

"नमस्कार मंडळी. मी (नाव, आडनाव). गेल्या आठवड्यात आम्ही बी विंगमध्ये राहायला आलो. घरी मी, मिस्टर आणि सासूबाई. मी शिक्षिका आहे. सासूबाईंना भजनाची फार आवड आहे, आपल्याकडं कुठं भजनी मंडळ जमत असेल तर कृपया कळवावं. आणि आपल्या विंगचा पाण्याचा दिवस कोणता, तेही सांगा. भेटूच."

बघा, एवढ्यात काय काय झालं. माणूस कोण ते कळलं. घरात एक वयस्क बाई आहेत हे कळलं. आणि दोन प्रश्न असे की पाच-सहा जणी तरी उत्तर देतील. त्यातली एखादी संध्याकाळी सासूबाईंना घ्यायला घरी येईल.

काय लिहायचं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. मिस्टर रात्रपाळीला असतात, आम्ही शनिवार-रविवार गावी जातो, घर दिवसभर बंद असतं, मुलगी अमुक शाळेत अमुक बसनं जाते, ही माहिती शंभर जणांच्या ग्रुपवर टाकायची नसते. ग्रुपवरची सगळीच माणसं कॉलनीतली असतात असंही नाही. जुने भाडेकरू, एजंट, दूधवाले, कुणीही असू शकतं. फ्लॅट नंबर फक्त सेक्रेटरींना वेगळा कळवा. बायकांनी तर याबाबतीत कुणाच्या आग्रहाला बळी पडू नये. कुणी ओळख वाचून लगेच खासगीत बोलायला लागला आणि ते नकोसं वाटलं, तर उत्तर द्यायची सक्ती नाही. ग्रुपमधल्या एखाद्या जाणत्या काकूंच्या कानावर घाला.

ओळख दिल्यावर ज्यांनी उत्तर दिलं त्यांची नावं घेऊन आभार माना. हात जोडल्याच्या चित्रापेक्षा "हिरेमठ काकू, सांगितल्याबद्दल आभार, गुरुवारी येतो" हे कितीतरी जास्त पोचतं. कुणीच उत्तर दिलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. दिवसभर शुभेच्छा आणि फॉरवर्डच्या ढिगाऱ्यात तुमचा मजकूर खाली गेला असेल. दोन दिवसांनी नुसता पाण्याचा प्रश्न पुन्हा विचारा. आणि पहिल्या महिन्यात विमा, साड्या, क्लास, प्लॉट यातलं काही विकायला काढू नका. तुमचा धंदा असेल तर तो ओळखीत एका वाक्यात सांगितला की पुरे, गरज असेल तो विचारतो.

पायरी ७ : मंडळात, फिरायला, नोकरीत

सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा तुमच्या भागातल्या बागेत फिरायला जात असाल, तर रोज एकाच वेळी जा. चेहरे ओळखीचे व्हायला तेवढंच लागतं. तीन-चार दिवस मान हलवून नमस्कार, मग "रोज किती फेऱ्या मारता?", मग नाव. तिथं आधी नाव सांगत सुटण्याची गरज नाही.

महिला मंडळात, वाचनालयाच्या कार्यक्रमात किंवा नोकरीच्या जागी गोल करून "आता नवीन आलेल्यांनी ओळख करून द्या" म्हणतात, तिथं अर्ध्या मिनिटात संपवा. पदव्या, पुरस्कार, मुलांचे पगार हे तिथं नको. तीच चार वाक्यं, चौथं त्या जागेला साजेसं. वाचनालयात असाल तर सध्या काय वाचताय ते, लेझीमच्या सरावाला उभे असाल तर आधी कधी खेळला आहात की नाही ते. सोलापूरच्या गणेशोत्सवात लेझीमचे ताफे असतात आणि त्यांचा सराव आधीपासून चालतो. तिथं "मला येत नाही, शिकवाल का?" म्हणणाऱ्याला रांगेत जागा मिळतेच.

पायरी ८ : एक वाक्य कधीही म्हणू नका

"पुण्यात असं नसतं."

नागपुरात, मुंबईत, नाशिकला असं नसतं, हेही त्यातच आलं. पाणी, धूळ, ऊन, रस्ते यांबद्दल इथले लोक स्वतः दिवसभर बोलतात. पण नव्यानं आलेल्याच्या तोंडून तुलना आली की ती वेगळी लागते. या शहरातल्या कित्येक घरांतली मुलं नोकरीसाठी पुण्याला गेलेली आहेत. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायला आईबाप स्टेशनवर मुलांना सोडायला येतात. तुम्ही सहज बोलून जाता आणि समोरच्याच्या घरातल्या रिकाम्या खोलीला धक्का लागतो.

या शहराला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, ते विचारा. त्या हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून आलं आहे. १९३० मध्ये इथं इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. चौघांचे पुतळे शहराच्या मध्यभागी चौकात उभे आहेत, रोज तुम्ही तिथून जाल. १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे, त्यांचं स्मारक इथं आहे. १८७७ ची जुनी गिरणी, तिचे भोंगे, गिरणगावातलं जगणं याबद्दल शेजारच्या आजोबांना विचारून बघा. त्यांच्या घरातलं कुणीतरी गिरणीत असण्याची शक्यता बरीच आहे. आजोबा तासभर बोलतील आणि त्या तासात तुमची ओळख स्वतःबद्दल काही न सांगता होऊन जाईल.

पायरी ९ : सणाला घरात बसू नका

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते, तिला इथं 'गड्डा' म्हणतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज तोलत मिरवणुकीनं जातात, अक्षता सोहळ्याला तळ्याकाठी माणसांचा समुद्र असतो. एकट्यानं लांबून बघण्यापेक्षा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, "आमचा पहिलाच गड्डा आहे, आम्हाला घेऊन चला." हे ऐकून सोलापूरकर जेवढा खूश होतो तेवढा दुसऱ्या कशानं होत नाही. कुठं उभं राहायचं, किती वाजता निघायचं, मुलांना कुठं धरायचं, सगळं तोच बघतो.

नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव असतो. नवरात्रात तेलुगू बायका फुलांची बतुकम्मा मांडून फेर धरतात, शेजारणीनं बोलावलं तर जरूर जा. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. तब्येत साथ देत असेल तर कॉलनीतल्या टोळीबरोबर निघा. रात्रभर बरोबर चाललेल्या माणसांना पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही.

पायरी १० : ओळख झाल्यावर

नावं विसरतात, सगळ्यांचीच. घरी आल्यावर फोनमध्ये नंबर साठवताना खूण घालून ठेवा: "बिराजदार काका, बी विंग, गुडघा". पुढच्या भेटीत "काका, गुडघा कसा आहे?" विचारता येतं. कुणी काही सांगितलं, इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला, डॉक्टर सुचवले, कडक भाकरी कुठं चांगली मिळते ते सांगितलं, तर काम झाल्यावर त्यांना कळवा. "तुम्ही सांगितलेल्या मावशींकडून भाकरी आणली, महिनाभर टिकेल एवढी घेऊन ठेवलीय." हे दुसरं बोलणं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं असतं. बहुतेक ओळखी पहिल्या भेटीनंतर दुसरी होत नाही म्हणून विरतात.

उसनं मागणं, जामीन राहायला सांगणं, भिशीत पैसे गुंतवणं, यापासून पहिलं वर्ष तरी लांब राहा. कुणी मागितलं तरी "घरी विचारून सांगतो" म्हणायला लाजू नका.

पायरी ११ : तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी

आपल्याकडं ओळख करून देण्याचं ओझं नेहमी नव्या माणसावर असतं. तो बिचारा चार वाक्यं बोलतो आणि समोरचे तीसजण नुसते माना हलवतात. त्याला एकही नाव कळत नाही. हे बदलायचं तर तुम्हीच बदलू शकता, कारण नवं असणं म्हणजे काय ते तुम्हाला अजून ताजं आठवतंय. वर्षभरात तुमच्या जिन्यात दुसरं कुणीतरी राहायला येईलच. ट्रकमधून कपाटं उतरत असतील तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन खाली जा, आणि आधी स्वतःचं नाव सांगा, मग त्यांचं विचारा. संध्याकाळी चहा पाठवा. पुरुष सामान लावण्यात असतील, तर घरातल्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना आपल्या घरात येऊन बसायला सांगा.

ग्रुपवर त्यांची ओळख आली की हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होऊ नका. असं लिहा:

"या या, स्वागत आहे. मी (नाव), ए विंग, तिसरा मजला. मीही मागच्या वर्षीच अमरावतीहून आलो. आपल्याकडं उद्या पाणी येईल, पहाटे साडेपाचच्या सुमाराला. नळ सुटला की मी दार वाजवतो, बादल्या तयार ठेवा."